इशानंतर (रात्रीच्या नमाजेनंतर) वितर (रात्रीच्या शेवटी पढायची विषम रकातींची नमाज) पढून झोपलो. रात्री जाग आली तर तहज्जुद (रात्री झोपेतून उठून पढायची ऐच्छिक नमाज) कशी पढायची?

रात्रपाळी_पुणे:
अस्सलामु अलैकुम. घरचे कोकणातले, शाफई (हनफीसारखाच सुन्नींच्या चार मजहबांपैकी, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरांपैकी, एक). इथे ज्या मशिदीत जातो तिथले इमाम हनफी. पहाटे उठेनच अशी खात्री नसते, म्हणून वितर इशानंतर लगेच पढून घेतो. मग जाग आलीच तर तहज्जुद पढता येते का? वितर पुन्हा पढायची का? तीन रकात (नमाजेचे फेरे) सलग की दोन अधिक एक? आणि तहज्जुदसाठी रात्रीची शेवटची तिहाई (तिसरा हिस्सा) घड्याळात कशी काढायची?

दापोली_शाफई:
वअलैकुम अस्सलाम. तहज्जुद बिनधास्त पढा, वितर पुन्हा पढू नका. एका रात्रीत दोन वितर नाहीत, अशी हदीस आहे. रात्रीची शेवटची नमाज वितर असावी, असंही हदीसमध्ये आहे, पण ते उत्तम काय याबद्दल. वितरनंतर नफल (ऐच्छिक नमाजा) बंद होतात असा त्याचा अर्थ नाही. काही जण उठल्यावर एक रकात पढून आधीची वितर ‘जोड’ करतात, मग तहज्जुद, मग पुन्हा वितर. चारही मजहबांच्या बहुतेक उलमांनी (धर्मविद्वानांनी) हे मानलेलं नाही. ज्याला उठण्याचा भरवसा नाही त्याने आधीच वितर पढावी, हेही हदीसमध्येच आहे, तेव्हा तुमचं चाललंय ते बरोबर आहे.

आपल्या मजहबात वितर सुन्नते मुअक्कदा (ताकीद असलेली, पण सक्तीची नसलेली). कमीत कमी एक रकात, जास्तीत जास्त अकरा. तीन पढायच्या तर दोनवर सलाम फेरून (म्हणजे नमाज संपवून) एक वेगळी पढणं अफजल. पहिलीत कुराणातली सूरे ‘आला’, दुसरीत काफिरून, तिसरीत इख्लास, फलक आणि नास. कुनूत (उभ्याने पढायची खास दुआ) फक्त रमजानच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शेवटच्या रकातीत रुकूवरून (कमरेतून वाकल्यावरून) उठल्यावर. एरवी वितरमध्ये कुनूत नाही. फजरमध्ये (पहाटेच्या नमाजेत) मात्र वर्षभर आहे. पुण्यात राहिल्यामुळे दोन्ही मजहबांची सरमिसळ होते, तेवढं सांभाळा.

रमजानात हनफी इमामामागे तीन सलग पढलात तरी तुमची वितर होते. ते तिसऱ्या रकातीत रुकूआधी तकबीर (‘अल्लाहु अकबर’) म्हणून कुनूत पढतील, तेव्हा दुआ पढत उभे राहा. त्या तकबीरला रुकूत जाऊ नका, नवख्यांचा घोळ इथेच होतो.

मराठवाडा_हनफी:
उलट बाजूने इतकं सोपं नाही. शाफई इमाम दोनवर सलाम फेरत असेल तर त्याच्यामागे हनफीची वितर बहुतेक हनफी उलमांच्या मते होत नाही. काहींनी परवानगी दिली आहे, आपापल्या आलिमांना विचारा.

हनफींकडे वितर वाजिब (बंधनकारक), तीन रकात, एकच सलाम. दुसरीनंतर बसून फक्त अत्तहियात (बैठकीतला पाठ), आणि लगेच उभं राहायचं. सवयीने पुढे दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ) सुरू केली तर सजदा सहव (चुकीच्या भरपाईचे दोन सजदे) येतो. तिसरीत अलहम्दुनंतर (सूरे फातिहानंतर) सूरा जोडायलाच हवी. फर्जच्या (सक्तीच्या नमाजेच्या) तिसऱ्या रकातीत ती नसते, म्हणून हात तसाच रुकूकडे जातो. मग कानापर्यंत हात उचलून तकबीर, हात बांधून दुआए कुनूत, मग रुकू. कुनूत राहिली आणि रुकूत आठवली तर परत उभे राहू नका. नमाज पुढे चालवा, शेवटी अत्तहियातनंतर उजवीकडे एक सलाम, दोन सजदे, पुन्हा अत्तहियात, दुरूद, दुआ आणि दोन्ही सलाम. कुनूत पाठ नसेल तर पाठ होईपर्यंत ‘रब्बना आतिना फिद्दुन्या...’ चालते. रमजानच्या जमातीत तिसऱ्या रकातीच्या रुकूत इमामाला गाठलं तर कुनूत मिळाली असं धरतात. उरलेल्या रकातींत ती पुन्हा पढायची नाही.

वितर सुटली तर हनफींना कजा (नंतर भरून काढणं) आहे, आणि वेळ हातात असेल तर फजरच्या फर्जाआधी. मात्र इशाचे फर्ज झाल्याशिवाय वितर नाहीच. घाईत क्रम उलटवू नका.

वेळापत्रक:
तिहाईचा हिशेब मगरिबपासून (सूर्यास्तापासून) सुबह सादिकपर्यंतचा (फजरची वेळ लागते त्या पहाटेपर्यंतचा) धरा, सूर्योदयापर्यंतचा नाही. चूक इथेच होते. समजा मगरिब 6:30 ला आणि सुबह सादिक 5:30 ला. रात्र 11 तासांची, तिहाई 3 तास 40 मिनिटांची, म्हणून शेवटची तिहाई 1:50 ला लागते. उन्हाळ्यात मगरिब 7:15 आणि सुबह सादिक 4:45 धरली तर 1:35 येते. सुरुवात फारशी हलत नाही, शेवट मात्र पाऊण तास अलीकडे येतो, आणि 4:30 च्या गजरवाल्यांची तिथेच फजिती होते.

फजरच्या अजानवर विसंबू नका, बऱ्याच मशिदींत ती वेळ लागून बऱ्याच मिनिटांनी होते. वेळापत्रकात सहरी संपण्याचा रकाना बघा, त्याच्या पाच मिनिटं आधी सलाम फेरलेला बरा. सुबह सादिक झाल्यावर हनफींकडे फजरच्या दोन सुन्नतींशिवाय दुसरी नफल नाही.

पढायची कशी? आधी दोन हलक्या रकाती, मग दोन-दोन करत. दोन पुरतात, आठ उत्तम: आठ अधिक तीन वितर मिळून अकरा होतात, आणि हजरत आयशांच्या सहीह बुखारीतल्या हदीसमध्ये हाच आकडा आहे. किरात (कुराणपठण) ना मोठ्याने, ना अगदी मनात. बाजूला कोणी झोपलं असेल तर हळूच. लांब सूरा येत नसतील तर अलहम्दुनंतर तीन-चार छोट्या जोडा, नफलमध्ये चालतं. रुकू-सजदे मात्र आटपून टाकू नका. शाफई मजहबात तहज्जुद म्हणवायला आधी झोप झालेली लागते. न झोपता पढलेली ती रात्रीची नफल, सवाब (पुण्य) तिलाही आहे.

रात्रपाळी_पुणे:
जझाकल्लाह सर्वांना. एकच राहिलं. दमून उठल्यावर बसून पढली तर?

मराठवाडा_हनफी:
तहज्जुद नफल आहे, बसून होते; उभं राहता येत असताना बसलात तर सवाब निम्मा. हनफी वितर मात्र ताकद असताना बसून होत नाही. शाफईंना वितरही बसून चालते, कारण ती सुन्नत. सफरीत इशाचे फर्ज चाराचे दोन होतात, वितर तीनच राहते. ती कोणी दोन करू नका, प्रवासात हे हमखास होतं.