डिसेंबरात दिवेआगर: वादळानंतर राहायची सोय कशी आहे?

मुळशीकर (२४ नोव्हेंबर २०२०)

नमस्कार मंडळी,

२०११ पासून दर डिसेंबरात आम्ही आई-बाबांना घेऊन दिवेआगरला जातो. उतरायचं घर एकच, पोफळीच्या वाडीतल्या दोन खोल्या. ३ जूनला निसर्ग वादळात त्या घराचं छप्पर गेलं. परवा त्या घराच्या मालकांना, काकांना, फोन केला. "यंदा नको, पुढच्या वर्षी नक्की या," एवढंच म्हणाले. पुढे त्यांनाही बोलवेना आणि मलाही.

आता दुसरीकडे शोधतोय, तर नेटवरचे सगळे फोटो वादळाच्या आधीचे. हिरवीगार वाडी, झोपाळा, सगळं जसंच्या तसं. एके ठिकाणी आजचा फोटो मागितला तर "आधी अर्धे पैसे पाठवा" म्हणाले. ऑफिसातल्या एका मित्राने दिवाळीत असेच पैसे भरले होते. पोचल्यावर बघतो तर खोलीवर निळी ताडपत्री, आणि नळाला पाणी नाही.

बाबा ७८ वर्षांचे आहेत आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तळमजला आणि कमोड हवाच. चार माणसं, बुधवार ९ ते शुक्रवार ११ डिसेंबर. श्रीवर्धन, हरिहरेश्वरही चालेल.

आणखी एक, मनात आहे म्हणून विचारतो. गावात एवढं नुकसान झालेलं असताना आपण सुट्टीला जाणं बरं दिसतं का?

भटकी_ठाणेकर

गेल्याच आठवड्यात जाऊन आले. ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन करत बिनधास्त जा. किनारा नेहमीसारखाच सुंदर आहे, पण सुरूचं बन बघवत नाही. झाडं मुळासकट आडवी झालीत. आम्ही राहिलो ती खोली नवी रंगवलेली, स्वच्छ होती. शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा समुद्राकाठचा रस्ता चुकवू नका, बाबांना गाडीत बसूनही सगळं दिसेल.

वाडीवरची

दादा, मी दिवेआगरातच राहते. आमच्या चार खोल्या आहेत, त्यातल्या दोन चालू आहेत. जाहिरात करायला लिहीत नाहीये. तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे माजघरात बसलो होतो, सासूबाईंना मधे घेऊन. पत्रे उडाले तो आवाज ऐकला, पण खरी भीती वाटली ती पोफळी मोडायला लागल्या तेव्हा. एकामागून एक, कडाड कडाड. संध्याकाळी दार उघडलं तर पडवीतून थेट आकाश दिसत होतं. लग्न होऊन आले त्याला एकोणीस वर्षं झाली, त्या दारातून मी आकाश कधी पाहिलं नव्हतं. दीडशेच्या आसपास पोफळी होत्या, अकरा उभ्या राहिल्या. विहिरीत माड पडला होता, तो काढून पाणी उपसायला आठ दिवस लागले. आमच्या आळीत वीज यायला महिना उलटून गेला.

हे सांगतेय ते रडगाणं म्हणून नाही. खोली बघताना कशाकडे लक्ष द्यायचं ते तुम्हाला यातून कळेल. फोटो मागू नका, व्हिडिओ कॉल करा. सरळ म्हणा, "मोबाइल घेऊन खोलीतून फिरा, वर छताकडे न्या, मग न्हाणीघर दाखवा आणि नळ सोडून दाखवा." ज्याची खोली तयार आहे तो आनंदाने दाखवेल. आगाऊ पैसे मागणं वाईट नाही, पत्र्याचे आणि सुताराचे पैसे आम्हाला रोख द्यावे लागतात. पण खोली न दाखवता मागत असतील तर देऊ नका.

छप्पर कौलांचं आहे की पत्र्याचं, ते विचारा. बऱ्याच जणांनी घाईत पत्रेच घातलेत. आधी वाडीची सावली असायची, एसी कोणी विचारायचंही नाही. आता डिसेंबरातसुद्धा दुपारी एक ते चार पत्र्याखालची खोली तापते. तुमच्या बाबांना दुपारी आडवं व्हायला लागत असेल तर खाली छत घातलेली किंवा स्लॅबची खोलीच घ्या. इन्व्हर्टर आहे का तेही विचारा, वीज अजून मधेच जाते. तुम्ही बुधवार-शुक्रवार धरलंत ते उत्तम. शनिवार-रविवारी आहेत त्या थोड्या खोल्यांवर झुंबड असते आणि बाकी दिवस गाव रिकामं.

येणं बरं दिसतं का? दादा, या. मार्चपासून टाळेबंदी, मे महिन्याचा हंगाम गेला, जूनमध्ये वादळ. ऑक्टोबरपर्यंत आमच्या गादीवर एक माणूस झोपला नाही. सुपारीचं म्हणाल तर आत्ता लावलेलं रोप धरायला सात-आठ वर्षं घेतं. पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही म्हणून आधी केळी लावल्यात, त्यांच्या आडोशाने रोपं जगवतोय. तोवर घर चालतं ते या दोन खोल्यांवर आणि जेवणाच्या ताटांवर. फक्त पडलेल्या वाडीत उभं राहून, न विचारता फोटो काढू नका. सासूबाई अजून त्या बाजूला जात नाहीत.

आणि तुमच्या त्या काकांकडे छप्पर नसेल, पण चूल असेलच की. जेवायला येऊ का, असं विचारून बघा.

मुळशीकर

ताई, तुमचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. रोपाला केळीचा आडोसा ऐकल्यावर ती म्हणाली, "आधी काकांना फोन लाव."

लावला. स्वयंपाकघर आणि मागची पडवी शाबूत आहे! आधी नाही नाही म्हणत होते. मग काकूंनी फोन घेतला आणि थेट विचारलं, बाबांना अजून वालाचं बिरडं चालतं का. दोन्ही दिवस दुपारचं जेवण त्यांच्याकडे ठरलं. पैसे किती ते त्या सांगेनात. मागच्या वर्षी ताटाचे जेवढे दिले त्यात थोडे वाढवून देणार आहे.

आता मुक्कामाचं. तुमच्या दोन खोल्या ९ आणि १० तारखेला रिकाम्या असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो. गाडीपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, तेवढं आधी सांगा.

वाडीवरची

रिकाम्या आहेत. एकीवर स्लॅब आहे, ती बाबांना. पायऱ्या दोनच, पण उंच आहेत. मिस्त्री परवा येतोय, मधे एक विटांची पायरी घालून घेते. व्यनि केलाय. कॉल सातनंतर करा, त्याआधी शिंपणं असतं.