शेजारचा कंट्री सिंगर, वय ४३, अल्बमसाठी त्याच्याकडे सहा हजार डॉलर मागतायत

नॅशविलकर_नवा:
शेजारी एक कंट्री सिंगर राहतो, पंधरा वर्षं इथे नॅशविलमध्ये (अमेरिकेतलं कंट्री संगीताचं शहर) ब्रॉडवे या रस्त्यावरच्या बारमध्ये गातोय. चार-चार तासांची शिफ्ट, सगळी भिस्त टिपच्या बादलीवर, आणि फर्माईश कायम दुसऱ्यांच्याच गाण्यांची, स्वतःचं एखादं मधे घुसवलं की पब्लिक मोबाइल काढतं. आता कुणी प्रोड्यूसर भेटलाय, म्हणे सहा हजार भर, अल्बम करू, रेडिओवर लावून देतो. हा ट्रक विकायला निघालाय. नाही जमलं तर केंटकीला जाऊन भावासोबत घरांची छपरं टाकणार म्हणतो. मला कंट्रीतलं ओ की ठो कळत नाही, पण या वयात खरंच कुणाचं झालंय का?

बॅन्जोबुवा:
झालंय की. क्रिस स्टेपलटनचा पहिला सोलो अल्बम २०१५ ला आला तेव्हा तो ३७ चा होता. जेली रोल नावाच्या गायकाला सीएमएचं (कंट्री म्युझिक असोसिएशन) न्यू आर्टिस्ट अवॉर्ड २०२३ ला, वय ३८! विली नेल्सन तर नॅशविलला वैतागून टेक्सासला परत गेला आणि मग चाळिशीत स्टार झाला. फक्त स्टेपलटन तोवर नुसती वाट बघत नव्हता, दुसऱ्यांना गाणी लिहून देत होता.

हिशोबी_कान:
स्वतःच्या डेमोला स्टुडिओचं भाडं भरणं वेगळं. पण ‘रेडिओवर लावतो’ म्हणून पैसे मागणारा दिसला की मी दार लावून घेतो. आणि लावलं समजा, तरी अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला मिळतात, गाणाऱ्याला त्याचे काही नाही. म्हणून आधी विचारा, स्वतःची गाणी किती आहेत आणि बीएमआय नाहीतर ॲस्कॅपकडे (गाणी लिहिणाऱ्यांचे असे पैसे गोळा करून देणाऱ्या संस्था) नोंदवलीत का.

बॅन्जोबुवा:
हो आणि नॅशविलच्याच ब्लूबर्ड कॅफेला पाठवा त्याला, सोमवारी ओपन माइक असतो, नवखेही नाव देऊन स्वतःची गाणी गातात. नव्वदच्या आसपास खुर्च्या, पण लोक गप्प बसून ऐकतात. पुढे मोठा कंट्री स्टार झालेल्या गार्थ ब्रूक्सला आधी नकार दिलेल्या कॅपिटल रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी १९८८ ला तिथेच ऐकून करारावर घेतला.

हिशोबी_कान:
गार्थ तेव्हा २६ चा होता बुवा, उगाच हवा भरू नका.

नॅशविलकर_नवा:
विचारलं. साठेक गाणी निघाली, सगळी वहीत, नोंदणी एकाचीही नाही. रात्री पायरीवर बसून एक ऐकवलं, छपरावर चढलेल्या बापाचं, माझी बायको आत जाऊन रडली. ट्रकची जाहिरात अजून काढली नाहीये त्याने, पण सोमवारसाठी नाव टाकतो म्हणालाय.