एका खोलीत स्टुडिओ पोर्ट्रेट शिकायचंय: पहिला लाइट कोणता, आणि ठेवायचा कुठे?

नवशिका_क्लिक

नमस्कार मंडळी. खिडकीशेजारी बसवून पोर्ट्रेट बऱ्यापैकी जमतात, आता स्टुडिओ लायटिंग पद्धतशीर शिकायचं आहे. कॅमेरा एपीएस-सी मिररलेस, लेन्स ५० मिमी एफ १.८. खोली १२ बाय १५ फूट, छत ९ फूट, भिंती पांढऱ्या. व्हिडिओ करायचा नाही, फक्त फोटो.

एलईडी घ्यावा की फ्लॅश? तीन लाइटचं तयार किट मिळतं, ते घेऊ का? सॉफ्टबॉक्स (लाइटपुढे लावायचा, उजेड मऊ करणारा कापडी डबा) बरा की छत्री? आणि सगळं हातात आल्यावर सुरुवात कुठून करायची?

तिरपा_उजेड

किट नको. तीन लाइट एकदम लावले की कुठली सावली कोणामुळे पडली तेच कळत नाही, मग तिन्ही इकडेतिकडे सरकवत बसावं लागतं. एकच घ्या, पण बरा घ्या.

फोटोच काढायचे आहेत तर फ्लॅश घ्या. २०० वॉट-सेकंदांचा (हे फ्लॅशच्या ताकदीचं माप) स्टुडिओ फ्लॅश, बोवेन्स माउंटचा (पुढे सॉफ्टबॉक्स वगैरे अडकवायची एक प्रचलित खाच) आणि मॉडेलिंग लँप (सावली आधी दिसावी म्हणून सतत चालू राहणारा छोटा दिवा) असलेला. बोवेन्स अशासाठी की सॉफ्टबॉक्स, ग्रिड (उजेड बाजूला पसरू न देणारी जाळी), रिफ्लेक्टर बऱ्याच कंपन्यांचे बसतात. ४०० वॉट-सेकंदांचा घेण्याचा मोह होईल, पण तुमच्या खोलीत लाइट चेहऱ्यापासून तीन फुटांवर असणार. तिथे २०० वालासुद्धा साधारण १/८ ते १/४ पॉवरलाच चालेल. मोठा फ्लॅश सगळ्यात कमी पॉवरलाही एफ २.८ साठी जास्त पडतो आणि मग लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावत बसावं लागतं.

बरोबर हे घ्या: ९० ते १०० सेंटीमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स (आत एक, बाहेर एक असे दोन पांढरे पडदे आणि कापडी ग्रिड असलेला), जड बुडाचा ८-९ फुटी स्टँड, तुमच्या कॅमेऱ्याच्या ब्रँडला चालणारा ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून फ्लॅश पेटवणारा), एक वाळूची पिशवी, आणि चार फूट उंचीचे दोन थर्माकोलचे किंवा फोमचे बोर्ड, एका बाजूने पांढरे, दुसऱ्या बाजूने काळे. पैसे कमी पडले तर फ्लॅश साधा घ्या, स्टँड मात्र साधा नको. हलका स्टँड सॉफ्टबॉक्सच्या वजनाने पुढे कलतो. तिन्ही पायांपैकी एक पाय नेहमी सॉफ्टबॉक्सच्या खाली, त्याच दिशेला आला पाहिजे आणि पिशवी मागच्या पायावर.

कोणाकडचा जुना फ्लॅश फुकट मिळत असेल तर तो थेट हॉटशूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत) लावू नका. काही जुन्या फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज २०० व्होल्टच्या वर असतो, त्याने आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं. आणि कुठलाही फ्लॅश घरी उघडायचा नाही. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका चार्ज राहू शकतो.

चालू_दिवा

फ्लॅशच्या बाजूने एवढं एकतर्फी नको. शिकणाऱ्याला एलईडीत सावली डोळ्यांसमोर दिसते, ही लहान गोष्ट नाही. ६० वॉटचा सीओबी एलईडी (एकाच चिपवर एकवटलेला), सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ च्या वर, सॉफ्टबॉक्समधून तीन फुटांवर ठेवला तर १/१२५, एफ २.८, आयएसओ ४०० च्या आसपास काम होतं. आजच्या कॅमेऱ्यांना ४०० म्हणजे काहीच नाही.

तिरपा_उजेड

काम होतं, मान्य. पण त्यांना एफ ८ हवा झाला की तोच आयएसओ ३२०० वर जातो. एलईडी जवळ आणि जोरात लावला की समोरचा माणूस डोळे बारीक करतो, बाहुल्या आकसतात. खोलीतला बाकीचा उजेडही त्यात मिसळतो, फ्लॅशमध्ये तो शटरने सहज कापता येतो. सावली बघायला मॉडेलिंग लँप आहेच, खोली अंधारी केली की पुरतो. व्हिडिओ करायचा असता तर मीही एलईडीच सांगितला असता.

अष्टकोन

छत्रीबद्दल. आरपार जाणारी पांढरी छत्री स्वस्त आणि उघडायला सोपी, पण तिचा बराचसा उजेड मागे उलटतो. तुमच्या पांढऱ्या भिंती तो परत चेहऱ्यावर टाकतील आणि सावली हलकी होत जाईल. मग "लाइट बाजूला ठेवूनही फोटो सपाट का येतो" असा प्रश्न पडतो. या खोलीत सॉफ्टबॉक्स आणि ग्रिडच. छत्री घ्यायचीच तर पाठीला काळं कापड असलेली, उजेड आतून परतवणारी घ्या.

आता मांडणी. १५ फुटांची बाजू लांबीला धरा. भिंतीपासून ५ फुटांवर स्टूल, स्टुलापासून ६ फुटांवर तुम्ही. एपीएस-सीवर ५० मिमीला डोकं-खांदे फ्रेममध्ये घ्यायला हे अंतर बरोबर पडतं. याहून जवळ गेलात तर नाक मोठं दिसू लागेल. माणसाला बसवूनच फोटो काढा. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या दोन फूट वर सॉफ्टबॉक्सचा मध्य न्यायचा म्हटलं की वरची कड ९ फुटी छताला टेकते.

कॅमेरा मॅन्युअलवर: १/१६० सेकंद, एफ ८, आयएसओ १००. व्हाइट बॅलन्स ऑटो नको, ५५०० केल्विन पक्का करा. रॉ फाइल. फ्लॅशवर टीटीएल (पॉवर आपोआप ठरवणारी सोय) बंद, पॉवर १/८. पहिला फोटो फ्लॅश बंद ठेवून काढा. तो जवळजवळ पूर्ण काळा यायला हवा. खोली दिसत असेल तर पडदे ओढा, ट्यूब बंद करा. नाहीतर चेहऱ्याचा एक गाल दुसऱ्या रंगाचा येतो आणि तो नंतर संगणकावर नीट सुधारत नाही. मग फ्लॅश चालू करून दुसरा फोटो. कपाळावर किंवा नाकावर हायलाइटची (भाग जास्त उजळून पांढरा पडल्याची) सूचना लुकलुकली तर पॉवर एक तृतीयांश स्टॉपने उतरवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). शटर हलवू नका, त्याने फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही.

सरावासाठी विगच्या दुकानात असतं तसं थर्माकोलचं डोकं आणा, ते कंटाळत नाही. कॅमेरा आणि डोकं स्थिर ठेवून फक्त लाइट फिरवा, अंतर तीन फूट, उंची डोळ्यांच्या दीड-दोन फूट वर:

– नाकाच्या बरोबर समोर आणि वर: नाकाखाली छोटी फुलपाखरासारखी सावली. बटरफ्लाय.
– साधारण ३० अंश बाजूला: नाकाची सावली गालावर उतरते, पण गालाच्या सावलीला भिडत नाही. लूप. बहुतेक चेहऱ्यांना हीच बरी दिसते.
– ४५ ते ६० अंश: दोन्ही सावल्या जुळतात आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या (१६०६–१६६९) व्यक्तिचित्रांमुळे याला त्याचं नाव मिळालं. त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद नको.
– ९० अंश: अर्धा चेहरा अंधारात. स्प्लिट.

हे अंश कॅमेऱ्यापासून नव्हे, नाकापासून मोजायचे. इथेच सगळे चकतात. मॉडेलने मान वळवली की लाइट जागच्या जागी असूनही लूपचा रेम्ब्रांट होतो. म्हणून दुसऱ्या फेरीत लाइट स्थिर ठेवून फक्त डोकं फिरवा.

थर्माकोलच्या डोक्याला डोळे नसतात, एवढी एक उणीव. खऱ्या माणसावर आलात की आधी दोन्ही डोळ्यांतली चमक बघा. घड्याळात १० किंवा २ वाजता काटा असतो तिथे दिसली तर उंची बरोबर. चमकच नसेल तर लाइट फार वर गेलाय, भुवयांची सावली डोळ्यांत पडतेय.

दोरी_आणि_गाठ

वर अंतराचा उल्लेख झाला, पण खरा खेळ तिथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केलं की चौथा हिस्सा उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. गणित डोक्यात करायची गरज नाही. अ‍ॅपर्चरचे आकडे तुम्हाला पाठ असतीलच: २, २.८, ४, ५.६, ८. हेच आकडे फूट समजा. लाइट २.८ फुटांवरून ४ फुटांवर नेला की एक स्टॉप कमी, ५.६ वर नेला की आणखी एक. सॉफ्टबॉक्सच्या कडेला दोरी बांधून या अंतरांवर गाठी मारा आणि दर वेळी गाठ नाकाशी लावून बघा. मोठा सॉफ्टबॉक्स फार जवळ असताना हा हिशोब थोडा चुकतो, कामापुरता चालतो.

याचा फायदा मागच्या भिंतीला. लाइट चेहऱ्यापासून ३ फूट आणि भिंतीपासून ८ फूट असेल तर भिंतीवर चेहऱ्यापेक्षा जवळजवळ तीन स्टॉप कमी उजेड पडतो. तुमची पांढरी भिंत फोटोत गडद करडी दिसेल, वेगळा बॅकड्रॉप न आणता. लाइट ६ फुटांवर मागे घ्या आणि पॉवर दोन स्टॉप वाढवा: चेहरा तेवढाच उजळ, पण भिंत एकदम फिकी. हे दोन फोटो शेजारी ठेवून बघाच.

त्याच फोटोंत आणखी एक दिसेल. सहा फुटांवर तोच सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या दृष्टीने लहान झाला, म्हणून सावलीची कड धारदार झाली. "मऊ लाइट मिळावा म्हणून लांब नेला" ही नेहमीची चूक आहे. मऊ हवा तर जवळ आणा. ढोबळ नियम असा की सॉफ्टबॉक्सचा व्यास जेवढा, तेवढंच अंतर.

पांढरा बोर्ड अंधाऱ्या गालापासून दीड-दोन फुटांवर धरला की सावली उघडते. पण तुमच्या खोलीत भिंतीच ते काम करतील, त्यामुळे काळी बाजू जास्त लागेल. काळा बोर्ड गालाजवळ आणला की जबड्याची कड लगेच उठून येते.

नवशिका_क्लिक

सगळ्यांचे खूप आभार. लाइट, सॉफ्टबॉक्स, स्टँड आला. आता अडलेल्या गोष्टी. १/१६०, एफ ८ लावलं की व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट, समोरचा माणूसच दिसत नाही. शटर १/४०० केल्यावर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा आला. सायलेंट मोडमध्ये फ्लॅश पेटतच नाही. आणि चष्मा लावणाऱ्या मॉडेलच्या काचांवर अख्खा अष्टकोन दिसतो.

अष्टकोन

व्ह्यूफाइंडर: मेनूत एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करा. नाव ब्रँडप्रमाणे बदलतं, "सेटिंग्जचा परिणाम दाखवा" अशा अर्थाचं काहीतरी असतं. कॅमेऱ्याला फ्लॅश येणार हे कळत नाही, तो फक्त खोलीचा उजेड दाखवतो. मॉडेलिंग लँप चालू ठेवा, फोकसलाही मदत होते.

काळा पट्टा: सिंक स्पीड ओलांडलात. ठरावीक वेगाच्या पुढे शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, फ्लॅश पेटतो तेव्हा सेन्सरचा काही भाग झाकलेला असतो. बऱ्याच कॅमेऱ्यांची मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते. ट्रिगरला किंचित वेळ लागतो, म्हणून १/१६० वर राहणं बरं. हाय स्पीड सिंक (या मर्यादेपुढेही फ्लॅश चालवणारी सोय) सुरू करू नका, पॉवर फुकट जाते.

सायलेंट मोड म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यावर फ्लॅश चालत नाही. मेकॅनिकल शटर लावा.

तिरपा_उजेड

चष्म्याचं: उजेड ज्या कोनात काचेवर पडतो त्याच कोनात परततो. म्हणून लाइट आणखी वर आणि थोडा बाजूला न्या, मॉडेलला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. तरी राहिला तर चष्म्याच्या दांड्या कानांवर अर्धा इंच उचला, काचा खाली झुकतात आणि फोटोत ते कळत नाही. मोठा सॉफ्टबॉक्स काचेतून हटवणं कठीण, पूर्ण हटत नसेल तर निदान बुबुळावरून बाजूला काढा.

नवशिका_क्लिक

प्रिव्ह्यू बंद केल्यावर दिसायला लागलं! शेवटचं: मॉडेलचे काळे केस आता गडद भिंतीत मिसळून जातात. यासाठी तरी दुसरा लाइट लागेल ना?

दोरी_आणि_गाठ

अजून नाही. स्टूल भिंतीकडे दोन फूट सरकवा, कॅमेरा आणि लाइटही तेवढेच पुढे घ्या. भिंत साधारण एक स्टॉपने उजळेल आणि केस सुटे दिसतील. नाहीतर सॉफ्टबॉक्सचा ग्रिड काढून त्याचं तोंड थोडं भिंतीकडे वळवा, म्हणजे चेहऱ्यावर फक्त कडेचा उजेड येईल आणि उरलेला मागे जाईल. चेहऱ्यावर जेवढा कमी झाला तेवढी पॉवर वाढवा. भिंतीवर मॉडेलची सावली दिसू लागली तर स्टूल जास्त मागे गेलंय, फूटभर पुढे घ्या.