घरी आणि जॅमला एकच बेस अँप: माझं मत, ४० वॅट पुरतो

बेस_ऐरोली
मी बेस गिटार वाजवतो. घर ऐरोलीला, बँडची जॅम (एकत्र सराव) दर शनिवारी ठाण्यात. आजवर जॅमपॅडच्या (भाड्याने मिळणाऱ्या सरावाच्या खोलीच्या) अँपवर भागवलं, पण गेल्या महिन्यात तिथल्या स्पीकरचा कोन (पडदा) फाटलेला निघाला, खालची ई (सगळ्यात जाड तार) छेडली की पतंगाचा कागद फडफडावा तसा आवाज, तीन तास तसेच काढले आणि पैसे पूर्ण मोजले. तेव्हाच ठरवलं, आता स्वतःचा घ्यायचा. माझं म्हणणं असं की फेंडर रंबल ४० सारखा १० इंची स्पीकरचा काँबो (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) घ्यावा, घरी तोच आणि जॅमलाही तोच. क्लास डी (हलक्या सर्किटचा) असल्यामुळे वजन आठ किलोच्या आसपास, म्हणजे एका हातात अँप, पाठीवर बेसची गिगबॅग आणि ठाणे लोकल, मधे फक्त दिघा. १०० वॅट हवाच असं जे सगळे सांगतात ते मला पटत नाही. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. मग ४० चे १०० करून असं किती मिळणार?

ठोक_वर्तकनगर
गणित बरोबर आहे, पण तू ते ड्रमच्या मागे बसून केलेलं नाहीस. मी ड्रमर आहे. आमचा आधीचा बेसवाला असाच छोटा काँबो आणायचा, सगळे नॉब पूर्ण फिरवून ठेवायचा आणि माझ्यापर्यंत नुसती गुरगुर यायची, कुठला सूर वाजला ते कळायचं नाही. माझा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस एकत्र पडला नाही तर गाणं बसतच नाही रे. मला बेस ऐकू आला नाही की मी जोरात मारतो, मग गिटारवाले वाढवतात, मग गाणारा ओरडायला लागतो आणि अर्ध्या तासात सगळ्यांचे कान बधिर. हे सगळं एका कमी पडणाऱ्या अँपमुळे.

पाचतारी_नेरुळ
ड्रमरशी सहमत. उघडी ई म्हणजे ४१ हर्ट्झ, माझ्या पाचतारीची बी ३१ हर्ट्झ. छोट्या स्पीकरमधून हे मूळ सूर फार कमी येतात, आपण वरचे हार्मोनिक्स (त्याच सुराचे उपस्वर) ऐकतो आणि बाकीचं डोकं भरून काढतं. लोक मग बेसचा (खालच्या सुरांचा) नॉब वाढवतात आणि तिथेच फसतात, ६ डेसिबल वाढवलेस की तेवढ्या पट्ट्यात चौपट ताकद जाते, ४० वॅट तिथेच संपले. आणि वजनाचं म्हणशील तर रंबल १०० हा १२ इंची असूनही साधारण दहा किलो आहे, दोन किलोंसाठी कशाला अडायचं?

घोडबंदर_१४वा_मजला
तुम्ही सगळे जॅमचंच बोलताय, घराचं कोणी बघत नाहीये. खालचे सूर भिंतीने अडत नाहीत, स्लॅबमधून उतरतात. मी व्हॉल्यूम दोनवर ठेवून वाजवायचो, मला वाटायचं काही त्रास नाही, मग खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर आल्या आणि मला हाताला धरून त्यांच्या घरी घेऊन गेल्या. कपाटाची काच थरथरत होती, माझ्या मुलाने वर एकच तार वाजवली होती. त्या दिवसापासून घरी फक्त हेडफोन. व्हॉक्सचा अँपप्लग (हेडफोनपुरता छोटा अँप) थेट बेसमध्ये खोचायचा आणि वायरवालेच हेडफोन लावायचे, ब्लूटूथवर सूर उशिरा पोचतो, ताल बिघडतो. घरासाठी हे आणि जॅमला पॅडचाच अँप, एकच वस्तू दोन्हीकडे हा हट्ट मला चुकीचा वाटतो.

बेस_ऐरोली
काकूंचं पटलं, रात्री हेडफोनच. पण हेडफोनवर बोटांचा जोर कळत नाही हो, अँपसमोर वाजवताना हलक्या बोटाने वाजवलेला सूर मागे पडलेला दिसतो तेव्हाच हात सुधारतो. दिवसा मी अँप फरशीवर ठेवणारच नाही, खुर्चीवर कानाच्या दिशेने तिरका ठेवीन, फरशी कमी हादरते आणि कमी आवाजात नीट ऐकू येतं. पॅडच्या अँपवर विसंबून राहायचं तर फाटक्या कोनाचं काय ते वर सांगितलंच. आणि ४० ला मागे एक्सएलआर लाइन आउट (दुसऱ्या साउंड सिस्टिमला जोडायची जागा) आहे, रंबल २५ ला ते नाही, म्हणून तर ४० म्हणतोय. पॅडच्या पीएमध्ये (तिथल्या साउंड सिस्टिममध्ये) जोडायचा, काम झालं.

ठोक_वर्तकनगर
कुठल्या पीएमध्ये? आपल्याकडच्या बहुतेक पॅडला गाण्याच्या माइकपुरते दोन स्पीकर असतात, त्यात बेस घातलास की आधी गाणं गढूळ होतं. मोठ्या सबवाला (खालच्या सुरांसाठी वेगळा स्पीकर असलेला) पीए असेल तर गोष्ट वेगळी, पण तसा पॅड शोधून मग अँप घेणार आहेस का?

पाचतारी_नेरुळ
एक सांगतो, ४० घेतलासच तर बेस नॉब मधेच ठेव आणि मिड (मधले सूर) वाढव, ५०० हर्ट्झच्या आसपास. एकट्याने ऐकताना नाकातून आल्यासारखं वाटेल, पण ड्रम सुरू झाले की तोच आवाज वर निघतो. माझं मत मात्र १०० च.

बेस_ऐरोली
पीएचं मी धरलं नव्हतं, आमच्या पॅडला सब नाहीये हे खरं. दुकानात एकट्याने वाजवून ठरवण्यात अर्थ नाही एवढं कळलं. एका मित्राकडे ४० आहे, या शनिवारी तो उसना नेतो, मिड वाढवून आमच्या ड्रमरच्या कानापाशी ठेवतो आणि त्यालाच विचारतो सूर कळतोय का. नाही म्हणाला तर १०० घेईन, दोन किलो जास्त उचलीन.

ठोक_वर्तकनगर
त्याला हलकं मार असं आधी सांगू नकोस फक्त.