डिस्क खराब नाहीये, काका!

शुक्रवार

सेक्रेटरी: उद्या टाक्या धुणार आहेत. सकाळी १० ते २ पाणी बंद. भरून ठेवणे. नंतर मला फोन करू नये.

मीनल (सी-९): पाण्याचं कळलं. आता दुसरं. लेक मँचेस्टरहून आलीय. बॅगेत कपडे कमी आणि डीव्हीडी जास्त. सगळ्या ब्रिटिश मालिका, भुताखेताच्या नाहीतर काळ्याकुट्ट विनोदाच्या. आठवडाभर बघतेय, झोप पार उडालीय. कोणाला हव्या असतील तर घेऊन जा, वहीत नोंद करून देईन.

रोहन: डीव्हीडी??? ताई म्युझियममधून बोलताय का

जोशी काकू: आमच्याकडे प्लेअर आहे. माळ्यावर. ह्यांना चढू देणार नाही. रोहन, संध्याकाळी ये आणि काढून दे. थालीपीठ देईन.

रोहन: येतो काकू

देशपांडे काका: आमच्याकडेही आहे, चालू स्थितीत. भुताचं नको, रात्री दोनदा उठावं लागतं. विनोदी असेल ते द्या.

मीनल: काका, यांचं तेच तर आहे. भूत आणि विनोद वेगळे काढताच येत नाहीत. भडंगातून तिखट वेचून काढा म्हटल्यासारखं होईल.

देशपांडे काका: मग भडंगच द्या. थोडं.

मीनल: आधी ‘इनसाइड नंबर नाइन’ घ्या. बीबीसी टूवर फेब्रुवारी २०१४ ला सुरू झाली, जून २०२४ ला संपली. नऊ सीझन, ५५ भाग. रीस शिअरस्मिथ आणि स्टीव्ह पेम्बर्टन, दोघं मिळून लिहितात आणि बहुतेक भागांत कामंही करतात. दर भागाला गोष्ट नवी, माणसं नवी, अर्ध्या तासात खेळ खलास. नऊ आकडा मात्र कुठेतरी असतोच. घराचा नंबर, डब्याचा नंबर, काहीही. आणि मागे कुठेतरी सशाची एक मूर्ती लपवलेली असते. माझी लेक गोष्ट सोडून ससाच शोधत बसते.

रोहन: तुमचा फ्लॅट पण ९ आहे ताई

मीनल: माहीत आहे रे. मेंटेनन्सच्या बिलावर रोज बघते.

जोशी काकू: मला त्यांचं इंग्रजी झेपत नाही. तोंडात सुपारी धरून बोलतात.

मीनल: काकू, तुमच्यासाठी खास भाग आहे. ‘अ क्वाएट नाइट इन’. पहिल्याच सीझनमधला दुसरा. जवळजवळ संवादच नाहीत. दोन चोर एका काचेच्या बंगल्यात चित्र चोरायला शिरतात, आणि घरचे नवरा-बायको आत धुमसत असतात. बस. त्यात ती बायको झालीय ना, ती ऊना चॅप्लिन. चार्ली चॅप्लिनची नात.

जोशी काकू: आजोबांचीच विद्या म्हणायची! दे तोच.

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

जोशी काकू: तुमच्या मुलाच्या मुंजीचे ४३ फोटो सोसायटीच्या कोणत्या कामाचे होते?

शनिवार

जोशी काकू: बघितला. मेथी निवडायला घेतली होती, अर्धी जुडी तशीच राहिली. एवढी मारामारी कशासाठी, तर पांढऱ्या कोऱ्या चित्रासाठी! मी इतकी हसत होते की हे आतून बघायला आले. आणि मग शेवटी एकदम हसू घशातच अडकलं. काय मेली माणसं आहेत.

डॉ. शिंदे (बी-२): काकू पुढे काय होतं सांगू नका, मी नंबर लावलाय.

जोशी काकू: नाही हो. पण तो दारावरचा माणूस

जोशी काकू: हा मेसेज डिलीट केला आहे.

डॉ. शिंदे: वाचला काकू.

मीनल: आजपासून नियम. शेवट सांगणाऱ्याला पुढची डिस्क नाही.

रोहन: ताई मी ‘सार्डिन्स’ बघितला, पहिलाच भाग. साखरपुड्याच्या पार्टीत उलटी लपाछपी. एक जण लपतो, ज्याला सापडतो तो पण त्याच्याबरोबर तिथेच लपतो. अर्धा तास सगळे एका कपाटात. मला वाटलं होतं काही होणारच नाही. कपाटच तर आहे

मीनल: कपाटच आहे म्हणून तर. पडका वाडा, वटवाघळं, अमावास्या यातलं काही नाही. मोठ्या आवाजात दचकवत नाहीत. पाहुणे शिष्टाचाराने वागतात, ‘सॉरी हं, थोडं सरकता का?’ म्हणतात आणि त्या सभ्यपणाखाली वर्षानुवर्षांची घाण दाबलेली असते. आपल्याकडे रत्नाकर मतकरींच्या गूढकथांमध्ये असं व्हायचं बघ. गोष्ट मध्यमवर्गीय दिवाणखान्यात सुरू व्हायची, चहाचे कप हातात असतानाच.

रविवार

देशपांडे काका: मीनल, काल तू दिलेली ‘नंबर नाइन’मधल्या ‘डेड लाइन’ भागाची डिस्क खराब आहे.

मीनल: काय झालं काका?

देशपांडे काका: सुरुवात उत्तम. एका म्हाताऱ्याला स्मशानात मोबाइल सापडतो. मी खुर्ची पुढे ओढली. आणि दहाएक मिनिटांत आवाजच गेला. मग पाटी आली, एक बाई दिलगिरी व्यक्त करते. डिस्क बाहेर काढली, बनियनने पुसली, परत लावली. पुन्हा तिथेच.

मीनल: काका, डिस्क

देशपांडे काका: थांब, पूर्ण ऐक. मग कोलनने पुसली. तरी तेच. उलट या वेळी जरा पुढे जाऊ दिलं, तर म्हणे त्याऐवजी जुना भाग दाखवतो, आणि तो काकूंचा चोरांचा भाग सुरू झाला! एकावर एक रेकॉर्ड झालेलं दिसतंय. हिने साउंडबारच्या वायरी काढून बघितल्या. रात्री केबलवाल्याला फोन केला. तो म्हणतो, डीव्हीडीचा आणि माझा काय संबंध? तेही खरंच म्हणा.

रोहन: 😂😂😂😂

मीनल: डिस्क खराब नाहीये, काका! आता पुसू नका. लावा आणि काहीही झालं तरी बंद करू नका. पाटी आली, आवाज गेला, दुसरा भाग सुरू झाला, तरी हात लावायचा नाही.

देशपांडे काका: थट्टा करतेस का?

मीनल: मी नाही, त्यांनी केलीय. सगळ्या ब्रिटनची.

(दोन तासांनी)

देशपांडे काका: बघितलं.

देशपांडे काका: मला दोन वेळा डिस्क पुसायला लावली त्या लोकांनी.

मीनल: तुम्ही एकटे नाही काका. २८ ऑक्टोबर २०१८ ला हॅलोवीनच्या निमित्ताने हा भाग खरोखर थेट प्रक्षेपित झाला. लोकांना माहीत होतं की आज लाइव्ह आहे. त्यामुळे आवाज गेल्यावर सगळ्यांना वाटलं, झाला घोळ. कितीतरी जणांनी तिथेच चॅनेल बदललं. आणि कार्यक्रम चालू असतानाच शिअरस्मिथने ट्विट टाकलं, की मी आणि स्टीव्ह आत्ता बीबीसी टूवर दिसतोय का? ज्याने फोनवर ते बघितलं त्याची काय अवस्था झाली असेल!

देशपांडे काका: आणि ते दोघे मेकअपच्या खोलीत गप्पा मारत बसतात, मागे काय आहे ते फक्त आपल्याला दिसतं. मी हिला हाक मारली. ती आली तोपर्यंत ते गेलं होतं. हिचा विश्वास बसेना.

डॉ. शिंदे: याचा मूळपुरुष मला माहीत आहे. ‘घोस्टवॉच’. ३१ ऑक्टोबर १९९२, बीबीसी वन. एका साध्या घरात भूत आहे म्हणून थेट तपासणी चालली आहे असं दाखवलं. स्टुडिओत मायकेल पार्किन्सन, म्हणजे त्यांच्याकडचा सर्वांत भरवशाचा मुलाखतकार. त्या घरात सारा ग्रीन, मुलांच्या कार्यक्रमांतली रोजची ताई. फोन करायला बीबीसीचा नेहमीचा नंबर. प्रत्यक्षात सगळं आधीच चित्रित केलेलं, स्टीव्हन व्होकने लिहिलेलं नाटक होतं. पण लोकांनी खरं मानलं. फोनचा आणि तक्रारींचा पूर आला. बीबीसीने परत कधीच दाखवलं नाही.

रोहन: डॉक्टर तुम्हाला हे कसं माहीत

डॉ. शिंदे: कारण ते आमच्या अभ्यासात आहे बाबा. १९९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दहा वर्षांच्या दोन मुलांच्या केसेस आल्या. तो कार्यक्रम बघून त्यांना मानसिक आघात झाला होता. मोठ्यांना भुताची भीती वाटली असेल, पण मुलांच्या दृष्टीने रोजची ताई त्या घरात अडकली होती. त्यामुळे लहान मुलांना यातलं काही दाखवू नका. हे मात्र गमतीत बोलत नाहीये.

मीनल: मान्य. वहीत तसं लिहून ठेवते.

बुधवार

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये नवीन बोर्ड लावला आहे. ‘फक्त येथील रहिवाशांसाठी’. बाहेरच्या गाड्यांना जॅमर लावण्यात येईल.

मीनल: अगं बाई! टब्ज आणि एडवर्ड!

सेक्रेटरी: म्हणजे?

मीनल: रागावू नका. शिअरस्मिथ आणि पेम्बर्टनचीच जुनी मालिका, ‘द लीग ऑफ जंटलमेन’. बीबीसी टूवर १९९९ ते २००२. बरोबर मार्क गेटिस आणि लेखनाला जेरेमी डायसन. आधी रंगमंचावर होती. एडिंबराच्या महोत्सवात १९९७ चं पेरिए हे विनोदाचं पारितोषिक मिळालं, मग रेडिओ, मग टीव्ही. एक गाव आहे, रॉयस्टन व्हेसी. तिथे एडवर्ड आणि टब्ज हे जोडपं दुकान चालवतं. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, तू इथला का? हे इथलं दुकान आहे, इथल्या लोकांसाठी. बाहेरचा माणूस सहसा धड परत जात नाही.

सेक्रेटरी: आपण फक्त जॅमर लावतो.

मीनल: 😄 त्या गावाचं शूटिंग डर्बीशरमधल्या हॅडफील्डला झालं. मागच्या वर्षी लेकीकडे गेले होते तेव्हा मँचेस्टर पिकॅडिलीवरून लोकलने गेलो. डोंगराच्या कुशीतलं, दगडी घरांचं साधं गाव. एका आजीबाईंना रस्ता विचारला, तर त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही इथल्या नाही वाटतं?’ आम्ही दोघी तिथेच फुटलो. त्यांना काही कळेना. गावाच्या नावाचीही गंमत आहे. रॉय चबी ब्राउन नावाचा एक चावट विनोदवीर आहे, त्याचं खरं नाव रॉयस्टन व्हेसी. मालिकेत त्यालाच गावाचा महापौर केलंय.

मीनल: पण ही मालिका सरसकट सगळ्यांना देणार नाही. किळसवाणी आहे. काही पात्रं आजच्या नजरेला खटकतात. जोशी काकू, तुम्हाला तर नकोच.

जोशी काकू: आता मला तीच हवी.

डॉ. शिंदे: माझ्याकडून एक शिफारस. ‘गार्थ मरेंगीज डार्कप्लेस’, चॅनेल फोर, २००४, फक्त सहा भाग. एक महाभयंकर गर्विष्ठ लेखक ऐंशीच्या दशकातली आपली हॉस्पिटलची भयमालिका दाखवतोय, असा बनाव. हॉस्पिटलखाली नरकाचं दार. अभिनय मुद्दाम वाईट, आवाज ओठांशी जुळत नाही, कॅमेऱ्याला धक्के. वाईट काम इतकं नेमकं करायला किती चांगले नट लागतात! मॅथ्यू होलनेस, रिचर्ड अयोआडे, मॅट बेरी, ॲलिस लो. आमच्या ड्युटी रूममध्ये यातली वाक्यं चालायची.

रोहन: आणि ‘डेड सेट’ माझ्याकडून. २००८. बाहेर झॉम्बी आलेत आणि बिग ब्रदरच्या घरातल्यांना पत्ताच नाही. लेखक चार्ली ब्रूकर, पुढे ‘ब्लॅक मिरर’ वाला. खऱ्या बिग ब्रदरची खरी अँकर पण झॉम्बी होते

जोशी काकू: आपल्याकडच्या बिग बॉसमध्ये फरक कसा ओळखायचा?

शुक्रवार

मीनल: काकू, ‘नंबर नाइन’मधल्या ‘ट्वेल्व्ह डेज ऑफ क्रिस्टीन’ची डिस्क तुमच्याकडेच आहे ना? डॉक्टरांचा नंबर आहे.

जोशी काकू: हो. दोन दिवस झाले बघून. काही लिहावंसं वाटलं नाही.

मीनल: तीच प्रतिक्रिया असते सगळ्यांची.

जोशी काकू: शेरिडन स्मिथ ना ती मुलगी? गोड आहे. तिच्या आयुष्यातला एकेक दिवस. नवीन वर्ष, वाढदिवस, ईस्टर. आणि मधेच घरात काहीतरी विचित्र. मला वाटलं भूत आहे, आता पकडलं मी. मग शेवटी जे कळलं, त्यानंतर मी ह्यांना उठवलं आणि दोघांनी चहा केला. साडेअकरा वाजले होते. दीदीला फोन लावला, ती घाबरली, काय झालं आई? म्हटलं, काही नाही गं, अशीच.

मीनल: काकू, तुम्ही डिस्क ठेवा अजून. डॉक्टर थांबतील.

डॉ. शिंदे: थांबतो.

शनिवार

देशपांडे काका: मला आता काय देतेस? पण पुसायला लागणार नाही असं दे.

मीनल: काका, तुम्ही रेल्वेतले. तुमच्यासाठी ‘द सिग्नलमन’ काढून ठेवलीय. तिकडे नाताळात भुताच्या गोष्टी सांगायची पद्धत आहे. शेकोटी, पुडिंग आणि भूत. बीबीसीने १९७१ ते ७८ दर नाताळात अशी एक गोष्ट दाखवली, ही १९७६ ची. डेनहम एलियट आहे. मूळ गोष्ट डिकन्सची. ९ जून १८६५ ला स्टेपलहर्स्टला त्याच्या गाडीला अपघात झाला, त्याचा डबा पुलावर लोंबकळत राहिला. बाहेर पडून त्याने जखमींना पाणी पाजलं. पुढच्याच वर्षी ही गोष्ट लिहिली. आणि बरोबर पाच वर्षांनी, ९ जूनलाच गेला.

रोहन: पुन्हा ९

देशपांडे काका: घ्यायला येतो.

(रात्री १.१०)

देशपांडे काका: मीनल, जागी असशील तर. नसशील तर सकाळी वाच.

देशपांडे काका: यात विनोद अजिबात नाही. खोल खोदलेल्या खिंडीत रुळांलगत एक केबिन, शेजारी बोगदा, लाल दिवा, आणि एकटा माणूस. त्याला घंटा वाजलेली ऐकू येते. भेटायला आलेल्या पाहुण्याला नाही येत. एवढंच आहे, आणि मी दिवा लावून बसलोय.

देशपांडे काका: मी बोरघाटातल्या ठाकूरवाडीच्या केबिनला रात्रपाळ्या केल्यात. घाट उतरणारी प्रत्येक गाडी थांबवायची, मगच सोडायची. जुलै-ऑगस्टमध्ये ढग केबिनच्या खिडकीतून आत यायचे, पुस्तकाची पानं दमट व्हायची, बाहेरचा सिग्नल दिसायचा नाही. अशाच एका रात्री पलीकडच्या केबिनची घंटा वाजली. मी उत्तर दिलं. परत वाजली, परत दिलं. मग पलीकडच्याने फोन उचलून विचारलं, ‘देशपांडे, कोणाला उत्तर देताय? मी वाजवलीच नाही.’

देशपांडे काका: मी म्हटलं, झोप लागली असेल. वहीत लिहिलं नाही. हिलाही कधी सांगितलं नाही. झोप लागली नव्हती.

सेक्रेटरी: काका, रात्री ११ नंतर मेसेज टाकू नयेत असा ठराव झालेला आहे.

सेक्रेटरी: ती डिस्क सकाळी माझ्याकडे द्या. वहीत माझं नाव लिहायला सांगा.