जुनी गाडी घेतल्यावर पहिलं काम कोणतं केलंत? (अनुभव धागा)

गेल्या आठवड्यात फोंड्यात एका निवृत्त गृहस्थांकडून २०११ ची वॅगन आर घेतली. एकच मालक, ७८ हजार किलोमीटर, आतून-बाहेरून पुसून लख्ख. आता ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. दीर म्हणतात टायमिंग बेल्ट (इंजिनातला पट्टा) बदल, शेजारचे काका म्हणतात खालून कोटिंग मारून घे, आणि आमच्या ह्यांना आधी सीट कव्हर हवीत! हातात पंधरा हजार आहेत आणि पाऊस तोंडावर. तुम्ही पहिल्या महिन्यात काय केलंत, कुठे फसलात, ते लिहा. सल्ले भरपूर मिळालेत, अनुभव हवेत.

मडगाव
ताई, बेल्टचा विषय सोडा. तुमच्या गाडीत के-सिरीजचं इंजिन आहे, त्याला चेन असते. बेल्ट माझ्या सॅन्ट्रोला होता. "आत्ताच बदललाय" असं विकणारा छातीठोक सांगत होता. बिल मागितलं तर "असेल कुठंतरी". कव्हर उघडून पाहिलं तर पट्ट्याला भेगा आणि कडेचे दोरे सुटलेले. चालत्या गाडीत तो तुटला असता तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनाचं अख्खं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवावं लागलं असतं. तेव्हापासून बिल नसेल तर काम झालंच नाही असं मी धरतो.

वास्को
माझं पहिलं काम इंजिन ऑइल. मेस्तनं (गॅरेजवाल्यानं) डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची पट्टी, कपड्याला पुसली आणि म्हणाला, "पात्रांव, हें तेल न्हय, डांबर." मी उत्साहानं म्हटलं, फ्लश करून, म्हणजे इंजिन आतून धुऊन टाकू. तो नको म्हणाला: वर्षांचा गाळ एकदम सुटला तर खालच्या जाळीत जाऊन अडकतो. त्याऐवजी साधं ऑइल आणि फिल्टर घातला, हजार किलोमीटरवर पुन्हा दोन्ही बदलले. दुसऱ्या वेळीही काळंच निघालं, पण पातळ होतं. आणि एक, मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच घाला. आवाज दबावा म्हणून विकण्याआधी जाड ऑइल ओतणारे असतात, माझ्या गाडीत तेच झालं होतं.

रायबंदर
मी काहीच केलं नाही, हाच माझा अनुभव. गाडी एप्रिलमध्ये घेतली, सगळं छान. जूनमध्ये पणजीहून कॉजवेवरून घरी येताना ब्रेक मारला की दारातून खळखळ असा आवाज, घागर हिंदकळावी तसा. मला वाटलं बाटली पडलीय. चार दिवस बाटली शोधली! शेवटी गॅरेजमधल्या पोरानं दाराच्या खालच्या कडेला, रबराच्या आत, पातळ तार घातली. आधी थोडा चिखल आला, मग तांबडं पाणी भुळ्ळकन त्याच्या चपलांवर. काचेच्या फटीतून पाणी दारात जाणारच, ते खाली जायला भोकं असतात आणि ती बुजलेली होती.

तिथंच थांबलं असतं तर ठीक. त्यानं वायपरखालची जाळी उचलली. आधीचा मालक गाडी आंब्याखाली लावायचा, हे तिथंच कळलं: कुजलेली पानं, मोहराचा चुरा, त्यात एक उगवलेलं रोपटं. पाणी बाहेर जायची वाट बंद, म्हणून ते ब्लोअरच्या वाटेनं आत. पुढच्या सीटखालचं कार्पेट उचललं तर खालचा नमदा पिळून काढण्याइतका ओला. वर मॅट कोरडी, म्हणून वास येत असूनही मला पत्ता नाही. मी आपली सुगंधी डबी टांगत बसले. कार्पेट वाळवायला आठ दिवस लागले, जूनमध्ये, घरात पंख्याखाली. भोकं साफ करायला लागली ती दहा मिनिटं आणि सायकलची जुनी तार.

मोरजी
कोटिंगबद्दल. माझ्या गाडीला विकणाऱ्यानं "भेट म्हणून" काळं कोटिंग मारून दिलं होतं. पहिल्यांदा पंक्चर झालं, जॅक लावला, आणि गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात शिरला. गंज न खरवडता वरून रंग फासला होता. आत ओल कोंडून पत्रा पापडासारखा झालेला. आम्ही समुद्राजवळ राहणारे, खारा वारा रोजचाच. आधी खाली पाण्याचा फवारा, पूर्ण वाळवणं, स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघणं, गंज घासून प्रायमर, आणि मग हवं तर कोटिंग. काकांना नमस्कार सांगा.

वाळपई
चोर्ला घाट उतरताना केरीच्या अलीकडे ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. दाबलं की खोल जातंय, पुन्हा दाबलं की थोडं वर. सेकंड गियरमध्ये घालून कडेला थांबलो, अर्धा तास दगडावर बसलो, थंड झाल्यावर ब्रेक परत नीट! पॅड चांगले होते. ब्रेक ऑइल मात्र कोऱ्या चहाच्या रंगाचं. ते हवेतली ओल ओढून घेतं, घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली. साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. माझ्यात बहुधा कंपनीतलंच होतं. ताई, पंधरा हजारांतले पहिले पैसे इथं घाला. सीट कव्हरं चतुर्थीला घ्या.

कुडचडे
एअर फिल्टर फरशीवर आपटला, मूठभर तांबडी धूळ. नवा टाकला, पिकअप सुधारला. बाकी रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी भरलेलं होतं, गंजून विटकरी झालेलं. धुऊन कूलंट घातला. संपलं.

म्हापसा
कागदांचं कुणीच लिहिलं नाही. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० दिलेत ना? कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा राहतो, त्याला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज. मी "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलं आणि त्याच महिन्यात बंपर गेला. विमा आधीच्या मालकाच्या नावावर, पैसे माझ्या खिशातून.

कुठ्ठाळी
टायर बघा. माझे नक्षीला कोरे करकरीत होते. बाजूला शेवटचे चार आकडे १४१२, म्हणजे २०१२ चा चौदावा आठवडा. आणि गाडी मी घेतली २०२१ मध्ये. वेर्ण्याच्या चढावर एकाला लिंबाएवढा फुगा आला. स्टेपनीही विसरू नका.

फोंडा (धागा काढणारी)
सगळ्यांचे आभार. आज दुपारी मॅट उचलली, कोरडी आहे. दारांच्या भोकांत तार घातली, दोन बुजलेली होती. ब्रेक ऑइल शनिवारी. मग स्टेपनी काढून आकडे वाचले: ३९१०. म्हणजे गाडीपेक्षा थोरली. आणि जॅक गाडीत नाहीच.