'खाजणे', 'खाजवणे' आणि कंड

निंबोणी : त्वचारोगाच्या रुग्णांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत करतेय आणि 'इच-स्क्रॅच सायकल'पाशी अडलेय. 'खाज-खाजवणे चक्र' लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारली, "एकच शब्द दोनदा". मुद्दा असा : नखांनी बारीकशी वेदना होते, तिने मज्जारज्जूतला खाजेचा निरोप दबतो, म्हणून बरं वाटतं. पण वेदना शमवायला मेंदू सेरोटोनिन हे रसायन सोडतो आणि तेच मज्जारज्जूतल्या खाजेच्या पेशींना पुन्हा चेतवतं (उंदरांवरचं २०१४ सालचं काम). की परत नखं. तर दोन वेगळे शब्द सुचवा.

चकवा : कंड आणि खाजवणे. कंड सुटते, आपण खाजवतो. झालं.

अनुस्वार : त्याने काय साधलं? संस्कृतात 'कण्डू' म्हणजे खाज आणि 'कण्डूयते' म्हणजे खाजवतो. पाणिनीने अशा शब्दांचा कण्ड्वादि म्हणून वेगळा गणच केलाय. 'खाज' आली 'खर्जू'वरून, खरूजही त्याच घरची. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून निघाल्या म्हणून कोणाचं अडलं नव्हतं. बाईंची रेघच चूक.

चकवा : मलम लावणारा पाणिनी उघडून बसत नाही हो. आणि खरं सांगायचं तर कंड आता अंगाला सुटतच नाही, भांडणाचीच असते.

तिरपी रेघ : जरा विषयांतर. लहानपणी मी "पाठ खाजवतेय" म्हणायचो, म्हणजे पाठीला खाज सुटलीय. बायको अजून हसते. तिचं म्हणणं, पाठ खाजते, खाजवतो तो हात.

अनुस्वार : वहिनींचं बरोबर. हसणे-हसवणे, रडणे-रडवणे, तसंच खाजणे-खाजवणे. प्रयोजक रूप आहे.

निंबोणी : थांबा, मग व्याकरणाने 'खाजवणे' म्हणजे 'खाज आणणे' झालं की! सेरोटोनिनचं प्रकरण नेमकं तेच सांगतंय.

अनुस्वार : प्रत्ययाच्या डोक्यावर एवढं ओझं देऊ नका. योगायोग आहे.

कोरडा कागद : शरीरक्रियाशास्त्र शिकवतो म्हणून बोलतो. 'खाजवणे'त करणारा कोणीतरी गृहीत धरलाय. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या प्रयोगांत मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडलेल्या कुत्र्याच्या खांद्याजवळ गुदगुल्या केल्या, तरी मागचा पाय तालात खाजवायला लागे. ताल ठरतो मज्जारज्जूतच. मेंदू वरून लगाम घालतो किंवा सैल सोडतो. चारचौघांत आपण हात आवरतो ना, तो लगाम. त्या कुत्र्याबद्दल 'खाजवतो' म्हणावं की 'त्याच्याकडून खाजवलं जातं'?

चकवा : कुत्र्याला कर्मणी प्रयोग! बरं, हे 'मज्जारज्जू' कोणी काढलं? मज्जा हाडात असते. लोक 'पाठीचा कणा' म्हणतात, तेच लिहा.

कोरडा कागद : अजिबात नको. कणा हाडांचा. त्याच्या पोकळीतून जाते ती चेतातंतूंची दोरी. 'कण्यात खाजेच्या पेशी' लिहिलंत तर रुग्ण हाडाचा फोटो काढायला जाईल.

अनुस्वार : मेरुरज्जू म्हणा.

चकवा : म्हणजे तेही कोणाला कळायला नको. स्पायनल कॉर्ड म्हणा, मुकाट कळतं.

अनुस्वार : मग खाजेलाही 'इचिंग' म्हणा, पुस्तिकेची गरजच संपेल.

निंबोणी : भांडू नका, पुस्तिका उद्या जातेय. तूर्त 'खाजेचं दुष्टचक्र' लिहिलंय. रेघ येते का बघू.

तिरपी रेघ : आणि माझी पाठ? "पाठ खाजवतेय" आणखी कोणीच ऐकलं नाही?

कोरडा कागद : आमच्या घरी "पाठीला खाजवतं" म्हणत. मळमळतं, उजाडतं, तसं. कर्ताच नाही.

अनुस्वार : हे मात्र पहिल्यांदाच ऐकतोय. "पाठीला" की "पाठीत"?